लहान मुलांच्या कॉम्प्युटर क्लासची फ्रँचायजी घेताय? आधी माझे २,३६,००० कसे गेले ते वाचा

मी पुण्यात धायरीला राहते. एका शाळेत नऊ वर्षं पहिली ते चौथीला कॉम्प्युटर शिकवलं, कॉन्ट्रॅक्टवर, मग शाळेने तो विषयच बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकला आणि आम्ही दोघी टीचर घरी बसलो. घराखाली सासऱ्यांचा एक गाळा आहे, आधी तिथे पिठाची गिरणी होती, ती बंद पडून दोन वर्षं झालेली. मनात आलं की इथेच लहान मुलांचा क्लास काढू, आपल्याला शिकवता येतं, पोरं ओळखीची आहेत, आयांना पण माझ्यावर भरवसा आहे. फक्त कॉम्प्युटर कुठून आणायचे, पुस्तकं कुठली घ्यायची, एवढ्यासाठी मी फ्रँचायजी शोधायला लागले आणि तिथेच चुकलं.

कंपनीचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे आणि वकीलताईंनी नको म्हणून सांगितलंय. पण पद्धत पूर्ण सांगते, कारण नाव बदलून हीच माणसं उद्या दुसरीकडे जातील.

फेसबुकवर जाहिरात बघून फॉर्म भरला, दहा मिनिटांत फोन. दोन दिवसांनी एक मुलगा घरी आला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला इतका नम्र की सासूबाईंनी त्याला जेवूनच जा म्हटलं. पहिला अर्धा तास त्याने फक्त मला विचारलं, किती वर्षं शिकवलं, कुठली शाळा, या भागात किती पालक तुम्हाला ओळखतात ताई, सोसायट्या कुठल्या कुठल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं आणि तो डायरीत लिहून घेत होता. मला वाटलं किती मनापासून ऐकतोय. नंतर करारात एक ओळ होती की कंपनी पहिल्या बॅचला पंचवीस ॲडमिशन मिळवून देईल, आणि महिन्याभराने ती यादी माझ्या मोबाईलवर आली तेव्हा त्यात सगळी माझ्याच जुन्या वर्गातली मुलं होती, मीच सांगितलेल्या सोसायट्यांमधली, मीच सांगितलेल्या आयांची नावं. माझ्याच ओळखी मला विकल्या होत्या.

मग त्याने फाईल उघडली. लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं, एकावर आयएसओ ९००१, एकावर एमएसएमई (म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि अशोकस्तंभासारखं काहीतरी, एकावर संस्था नोंदणी. म्हणाला आपलं सर्टिफिकेट ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ आहे, पालक तेच विचारतात. आता हे नीट वाचा, कारण इथे माझ्यासारखे बरेच जण फसतात. एमएसएमईचं जे उद्यम रजिस्ट्रेशन असतं ना, ते जुलै २०२० पासून ऑनलाईन आहे, फुकट आहे, आणि आधार, पॅन टाकून कोणीही स्वतःच्या माहितीवर काढू शकतं, उद्या मी त्या गिरणीचं पण काढू शकले असते. त्याचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काही संबंध नाही. आयएसओ ९००१ सरकार देत नाही, खाजगी सर्टिफिकेशन संस्था देतात, आणि ते कामकाजाच्या पद्धतीचं असतं, मुलाला काय शिकवलं याचं नसतं. संस्था नोंदणी म्हणजे फक्त संस्था नोंदलेली आहे, बस. तीनही कागद कदाचित खरे असतील, पण ते जे सांगतात असं तो म्हणत होता ते एकही सांगत नव्हता. मी नऊ वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेली बाई, पण दहा मिनिटं काढून हे शोधलं नाही. घाई होती, एप्रिलच्या सुट्टीआधी सुरू करायचं होतं.

दोन लाख फी आणि वर अठरा टक्के जीएसटी, २,३६,०००. भिशीचे नव्वद हजार होते, बाकीची एफडी मोडली. पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला, अकरा पानं, मी पहिली तीन वाचली. सातव्या पानावर होतं की रक्कम परत मिळणार नाही आणि वाद झाला तर दिल्लीच्या कोर्टात.

ठरले होते आठ नवीन कॉम्प्युटर. आले पाच, बाकीचे पुढच्या लॉटमध्ये म्हणे, तो लॉट आजपर्यंत आलेला नाही. कॅबिनेट वरून चकाचक, पण मागच्या बाजूला हात फिरवला तर स्टिकर खरवडून काढल्याचा चिकट चौकोन लागायचा, सगळ्यांना एकाच जागी. म्हणजे कुठल्या तरी ऑफिसातनं निघालेला माल. स्क्रीनच्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’, म्हणजे विंडोजचं लायसन्स चालू केलेलंच नाही. दोन मशीनची तारीख रोज चालू केलं की मागे जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर साईट उघडतच नाही, मला वाटायचं नेट गेलं. सिंहगड रोडला आमच्या ओळखीचा एक हार्डवेअरवाला आहे, त्याला बोलावलं, त्याने मदरबोर्डवरचे बटणासारखे सेल बदलले आणि मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मला दाखवलं. हार्ड डिस्क आजपर्यंत किती तास चालली ते तिच्यातच नोंदलेलं असतं. एकीवर ४१,२१२ तास होते. रात्रंदिवस चालू ठेवली तरी साडेचार वर्षांच्या वर जातं ते. तो नुसता म्हणाला, वहिनी, हे नवीन म्हणून दिलं तुम्हाला? मला तिथेच रडू आलं.

पण तेव्हाही मी म्हटलं जाऊ दे, जुनी तर जुनी, शिकवणं आपल्या हातात आहे. अकरा मुलं आली होती. आणि खरं सांगते, ते पहिले पंधरा दिवस फार छान गेले. पहिलीतल्या पोराला पहिल्यांदा माऊस धरताना बघितलंय का कधी? हात एवढासा, माऊस मोठा, टेबलाची कड आली की ते माऊस उचलून हवेत धरतं आणि बाण का हलत नाही म्हणून आपल्याकडे बघतं. डबल क्लिक त्यांना जमत नाही, दोन क्लिकमध्ये फार वेळ जातो आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी नाव बदलायचा चौकोन येतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करून ठेवायचा, अर्ध्या अडचणी तिथेच संपतात. कीबोर्डचं बटण दाबून धरतात, मग आख्खं पान ‘अ’ने भरतं. शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीजचा बीप वाजून खिडकी येते, ती एकाला सापडली की सगळा वर्ग तेच करत बसतो, ते आधीच बंद करायचं. पाय लोंबकळतात म्हणून मी खुर्च्यांपुढे विटांवर फळी टाकली होती. या वयात शिकवायचं ते एवढंच, माऊस, कीबोर्ड, स्वतःचं नाव टाईप करणं, चित्र काढणं, सेव्ह करणं, आणि दुसऱ्या दिवशी आपली फाईल आपण शोधून उघडणं. ते शेवटचं ज्याला जमलं त्याला कॉम्प्युटर आला म्हणा.

कंपनीच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. पहिलीच्या पुस्तकाचं पहिलं पान, कॉम्प्युटरचे जनक चार्ल्स बॅबेज, मग हार्डवेअरची व्याख्या, सॉफ्टवेअरची व्याख्या, मग फ्लॉपीचं चित्र. सहा वर्षांच्या मुलाला! चौथीच्या पुस्तकात स्क्रॅच होतं, म्हणजे ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, तर त्यातली चित्रं जुन्या स्क्रॅचची, आणि वर लिहिलेलं की आधी फ्लॅश प्लेअर (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) टाकून घ्या. फ्लॅश डिसेंबर २०२० ला बंद झालं, आणि स्क्रॅचची फ्लॅशशिवाय चालणारी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आहे. म्हणजे कुठून तरी जुनं उचलून छापलेलं.

आणि मग तो पेंग्विन. पुस्तकांबरोबर एक पेन ड्राईव्ह आला होता, त्यात कंपनीचं ‘स्वतःचं’ चित्रकलेचं सॉफ्टवेअर, दर मुलामागे लायसन्सचे १,५०० रुपये, ते मी पालकांकडून घेऊन कंपनीला पाठवायचे. मी आधी उघडून बघितलं नव्हतं, कारण ते उघडायचा कोड मुलांच्या यादीनंतर मिळणार होता. वर्गात पहिल्यांदा उघडलं, वर कंपनीचं नाव झळकलं, आणि दुसरीतला एक मुलगा, माझ्याच जुन्या शाळेतला, मोठ्याने म्हणाला, ‘टीचर, हा तर आपला शाळेतला पेंग्विन!’ खाली कोपऱ्यात तोच, सूचना सांगणारा पेंग्विन. ते टक्स पेंट होतं. २००२ पासून आहे, लहान मुलांसाठीच बनवलंय, कोणीही फुकट उतरवून घ्यावं म्हणूनच ठेवलंय. मी स्वतः शाळेत सगळ्या मशीनवर ते टाकलं होतं. बनवणाऱ्यांनी वाटायची, बदलायची मोकळीक दिलेली आहे हे मला माहितीये, पण त्याला स्वतःचं म्हणून नाव लावून लायसन्स म्हणून पैसे घेणं, आणि ते माझ्या हातून, माझ्या ओळखीच्या आयांकडून? अकरा जणांचे १६,५०० मी आदल्याच आठवड्यात पाठवले होते.

त्या रात्री मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता कोणाचाही नंबर तपासता येतो, ‘सर्च टॅक्सपेयर’ मध्ये. माझ्या पावतीवरचा नंबर टाकला तर समोर आलं, रद्द. माझ्याकडून पैसे घेतले त्याच्या आठ महिने आधीपासून रद्द. म्हणजे ते छत्तीस हजार कर म्हणून घेतले ते सरकारकडे गेलेच नाहीत. फोन केला तर तो नम्र मुलगा म्हणाला मी आता त्या कंपनीत नाही. ऑफिसचा नंबर दोन दिवस वाजला, मग बंद.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पैसे गेले ते गेलेच, पण ‘सरकारमान्य सर्टिफिकेट’ हे शब्द मी माझ्या तोंडाने त्या बायकांना सांगितले होते. एक जण धुणीभांडी करते, तिने दोन हप्त्यांत फी दिली होती, ती कंपनीला थोडीच ओळखते, तिने माझ्याकडे बघून दिले. मी अकरा जणांना बोलावलं, सगळं खरं सांगितलं, आणि लायसन्सचे दीड-दीड हजार माझ्या खिशातून परत केले. दोघी उठून गेल्या, त्यांच्या मनात मी पण त्यात सामील होते, अजूनही रस्त्यात बोलत नाहीत.

आता पुढे काय करता येतं ते, ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी. आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. मला सगळ्यांनी सांगितलं की तू धंद्यासाठी घेतलंस, तू ग्राहक नाहीस, आणि कंपनीने नोटीशीच्या उत्तरात पण तेच लिहिलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खुलासा आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू स्वतः वापरली तर ते व्यापारी कारण धरत नाहीत. माझ्याकडे नोकर नाही, मीच शिकवते, गाळा घरचा, वकीलताईंनी त्याच मुद्द्यावर तक्रार लिहिली. आणि दिल्लीच्या कोर्टाचं म्हणाल तर, त्याच कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणून पुण्यातच केली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. मुदत दोन वर्षं असते, लाजून घरात बसू नका. फसवणुकीची पोलीस तक्रार वेगळी, ती पण दिली, आता चारशेवीस नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम. आणि पैसे ऑनलाईन गेले असतील आणि ताजं असेल तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवायची शक्यता असते. मी केला तेव्हा तीन महिने उलटले होते.

कागद जपून ठेवा. माझ्या बाजूने आज जे आहे ते म्हणजे व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज ‘आठही मशीन ब्रँड न्यू ताई’, हार्ड डिस्कच्या तासांचे फोटो, आणि पावती. मशीन खोलायच्या आधी त्या चिकट चौकोनांचे फोटो काढायचं डोकं हार्डवेअरवाल्याचं, माझं नाही.

आणि क्लास काढायचाच असेल तर कोणालाही दोन लाख देऊ नका हो. टक्स पेंट फुकट, जीकॉम्प्री फुकट, त्यात माऊस हलवण्यापासून अक्षरं, आकडे सगळे खेळ आहेत. स्क्रॅच एमआयटीवाल्यांनी २००७ मध्ये आणलं ते आजही फुकट, आणि अजून लहान मुलांसाठी टॅबवर स्क्रॅच ज्युनियर. जुनी मशीन घ्यायला पण हरकत नाही, पण जुनी म्हणून, जुन्याच्या भावात, तास तपासून.

पाचातली तीन मशीन चालतात. हार्डवेअरवाल्याने त्यावर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकून दिलं, कीबोर्ड-माऊस तपकीर गल्लीतनं आणले. शनिवारी सकाळी सात मुलं येतात, सर्टिफिकेट नाही, फी माफक. त्या धुणीभांडीवाल्या ताईंची मुलगी येते अजून. परवा तिने मागच्या आठवड्यातलं घराचं चित्र आपलं आपण शोधून उघडलं आणि चित्रातल्या दारावर कुलूप रंगवलं. आयोगात पुढची तारीख चौदाला आहे, करारातल्या त्याच सातव्या पानावर ज्यांनी सही केली असेल, त्यांनी मला मेसेज करा, दोन तक्रारदार असले तर वजन पडतं.