लंडनच्या ब्रिक लेनची पायी फेरी: चार तारे

सासूबाईंना घेऊन गेले होते. ट्रुमन ब्रुअरी या जुन्या बिअर कारखान्याच्या धुराड्याखाली गाइडने बाद झालेली पाच पौंडांची नोट काढली. तिच्यावरच्या, तुरुंग सुधारणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या चित्रातला उंच चष्मेवाला म्हणजे फ्रायच्या बहिणीचा नवरा, थॉमस बक्स्टन. धंदा याच कारखान्यातल्या बिअरचा, १८१८ पासून खासदार, आणि विल्बरफोर्सनंतर संसदेत गुलामगिरीविरोधाची धुरा याच्याच खांद्यावर. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्यात भरपाई ठरली २ कोटी पौंड, तीही गुलामांच्या मालकांना!

सासूबाई थबकल्या. "आणि जे राबले त्यांना?"

"छदामही नाही."

गाइडने हे झाकलं नाही, म्हणून चार तारे. पाचवा कापला, कारण तो कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानाला लागू नव्हता, हे मलाच सांगावं लागलं. शिवाय गाइडचं बोलणं ऐकायला दिलेलं कानातलं यंत्र सारखं खरखरत होतं.