वेळापत्रकवाल्याच्या नजरेतून एमआयटीचा मोफत बस-अभ्यासक्रम

महापालिकेच्या परिवहन उपक्रमात मी वाहतूक विभागाच्या वेळापत्रक टेबलावर नोकरी काढली. तिथे शिकवणी अशी नव्हतीच. वरिष्ठांच्या शेजारी खुर्ची टाकायची, ते फेऱ्या कशा मांडतात, त्यांतून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या कशा कापतात, डेड किलोमीटर म्हणजे प्रवाशांविना रिकामी धाव कुठे वाचवतात ते बघायचं आणि हळूहळू स्वतः करायला लागायचं. या कामावर जगात संशोधन होतं, विद्यापीठांत त्याचे वर्ग भरतात, हे निवृत्त झाल्यावर कळलं. भाची वाहतूक नियोजन शिकते. तिनं लिंक पाठवली आणि म्हणाली, "मामा, हे बघाच. तुमचंच काम फळ्यावर मांडलंय."

अभ्यासक्रमाचं नाव 'पब्लिक ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स', क्रमांक १.२५८जे. अमेरिकेतली एमआयटी ही संस्था आपले वर्ग 'ओपनकोर्सवेअर'वर फुकट ठेवते. ही योजना तिनं २००१ मध्ये जाहीर केली. नाव नोंदवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्रही मिळत नाही. मी पाहिले ते २०१७ सालच्या वर्गाचे व्हिडिओ. शिकवणारे गॅब्रिएल सांचेझ-मार्टिनेझ. त्याच विषयाची आधीची आवृत्ती नायजेल विल्सन यांची, तिच्यात वाचायची टिपणं आहेत. विल्सन या क्षेत्रातलं फार जुनं नाव. पीटर फर्थ यांच्यासोबत त्यांनी १९८१ मध्ये लिहिलेला, कोणत्या मार्गावर किती गाड्या सोडाव्यात याचा लेख आजही या विषयाचा पाया मानतात.

आधी माझं मत सांगतो. आगारात, वाहतूक विभागात किंवा महापालिकेच्या परिवहन समितीत बसणाऱ्या माणसानं हे बघितलंच पाहिजे. सगळं नाही बघितलं तरी चालेल. पण तीन-चार व्याख्यानं अशी आहेत, की ती पाहिल्यावर स्वतःच्या टेबलावरचे कागद वेगळे दिसायला लागतात. माझ्या बाबतीत तो कागद म्हणजे वेबिल, कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता.

माहिती गोळा करण्यावरच्या भागात लंडनच्या ऑयस्टर कार्डाची गोष्ट येते. तिथल्या बसमध्ये प्रवासी चढताना कार्ड लावतो, उतरताना लावत नाही. त्यामुळे तो कुठे चढला ते कळतं, कुठे उतरला ते कळत नाही. मग संशोधकांनी युक्ती काढली. त्याच कार्डाची पुढची नोंद जिथे झाली, त्याच्या जवळच्याच थांब्यावर तो आधीच्या बसमधून उतरला असणार. दिवसाची शेवटची फेरी असेल, तर सकाळी जिथून निघाला तिथेच परतला असणार. असं एकेका कार्डाचा माग काढत ते शहरभराच्या प्रवासाचा नकाशा उभा करतात. कोण कुठून निघालं, कुठे गाडी बदलली, कुठे पोहोचलं. या पद्धतीला ते ओडीएक्स म्हणतात.

ते ऐकताना मी व्हिडिओ थांबवला आणि भाचीला फोन केला. आपल्या बसमध्ये कंडक्टर काय विचारतो? "कुठे जायचं?" प्रवासी सांगतो आणि तिकीट निघतं. त्या तिकिटावर कुठून कुठे, हे दोन्ही असतं. कागदी तिकिटं होती तेव्हासुद्धा कंडक्टर दर स्टेजला, म्हणजे भाड्याच्या दर टप्प्याला, तिकिटांचे नंबर वेबिलवर उतरवत असे. मशीन आल्यापासून तर प्रत्येक तिकिटाची वेळही मिळते. लंडनला जे अंदाजानं काढावं लागतं, ते आपल्याकडे प्रवासी स्वतःच्या तोंडानं सांगतो. भाची क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, हे तुमच्याकडे आधीपासून होतं? मग तुम्ही त्याचं काय करत होता?"

आम्ही त्यावरून कॅश जुळवत होतो. पैसे मोजून झाले, मार्गाचं उत्पन्न निघालं, की वेबिलचं काम संपायचं. हे कुणा एकाचं चुकलं असं मी म्हणत नाही. वेबिल जन्मालाच हिशेबासाठी आलं. पण त्यातून प्रवास वाचता येतो, ही दृष्टी मला या वर्गानं दिली आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी या अभ्यासक्रमाचा ऋणी आहे.

अर्थात तिकिटाच्या माहितीत खाचा आहेत. टेबलावर बसलेल्याला त्या माहीत असतात. तिकीट स्टेजचं असतं, थांब्याचं नसतं. एका स्टेजमध्ये दोन-तीन थांबे येऊ शकतात. गर्दीत कंडक्टरकडून मशीनवर स्टेज पुढे सरकवायची राहते, मग पुढच्या थांब्यावर चढलेली माणसं मागच्या स्टेजवर दिसतात. पासधारकांचं तर फारच अवघड. जिथे पासासाठी शून्य रुपयाचं तिकीट काढत नाहीत, तिथे कॉलेजची पोरं आणि रोजचे नोकरदार मशीनच्या लेखी बसमध्ये नसतातच. आणि एकाच माणसाची पहिली बस आणि दुसरी बस जोडायला आपल्याकडे धागा नाही. तिकीट निनावी. तिथे लंडनचं कार्ड पुढे आहे. मोजलेली माहिती आणि खरी गर्दी यांच्यात फरक असणारच, तो नमुना पाहणी करून भरून काढायचा, किती नमुना पुरे ते गणितानं ठरवायचं, हेही त्याच भागात येतं. मला तो भाग कोरडा वाटला, पण टाळू नये.

दुसरा मोठा भाग थांब्यावर थांबण्याचा. एकामागोमाग दोन-तीन गाड्या येतात आणि मग बराच वेळ काहीच नाही, हा अनुभव कुणाला नाही? पुढची गाडी जरा उशिरा आली, की थांब्यावर माणसं जास्त साचतात. ती चढवण्यात आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, ती भराभर पुढे सरकते आणि पुढचीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणितात मांडून ठेवलं. म्हणजे ड्रायव्हर मुद्दाम एकत्र चालतात हा जो सर्रास आरोप होतो, त्यात पूर्ण तथ्य नाही. तसंच सोडून दिलं तर गाड्या आपोआपच जुळतात. वेगळं ठेवायला कुणीतरी हात घालावा लागतो.

यातला एक हिशेब मी आमच्या जुन्या सहकाऱ्यांना कागदावर करून दाखवला. दर दहा मिनिटांनी गाडी आहे आणि माणसं घड्याळ न बघता थांब्यावर येतात, तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच तासाला तेवढ्याच सहा गाड्या आहेत, पण एक अंतर दोन मिनिटांचं आणि पुढचं अठरा मिनिटांचं, असं आलटून पालटून. सरासरी अंतर दहाच. पण बहुतेक माणसं अठरा मिनिटांच्या खिंडीत सापडतात, म्हणून सरासरी थांबणं ८.२ मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, किलोमीटर पूर्ण. आगाराचा रिपोर्ट स्वच्छ आणि प्रवासी वैतागलेला. आमच्या रिपोर्टात 'फेऱ्या रद्द' आणि 'किलोमीटर रद्द' असे रकाने होते, 'प्रवासी किती थांबला' असा रकाना कधीच नव्हता.

लंडननं तो रकाना केला. तासाला पाच किंवा जास्त बस असलेल्या मार्गावर तिथे गाडी वेळेवर आली का हे मुख्य मानत नाहीत. वेळापत्रकानुसार जेवढं थांबावं लागलं असतं, त्याहून प्रवाशाला किती जास्त थांबावं लागलं, ते मोजतात. गाड्या चालवणाऱ्या ठेकेदाराचा बोनस आणि दंड त्यावर. आपल्याकडे ठेकेदारीच्या गाड्यांचा हिशेब मुळात किलोमीटरवर चालतो. धावली तेवढे पैसे. मला वाटतं, पुढच्या करारांत हा थांबण्याचा मुद्दा आणण्याइतकं महत्त्वाचं काम आज परिवहन समितीपुढे दुसरं नाही. जीपीएस गाड्यांवर बसलेलंच आहे.

फेरीवेळेचा भाग मला सगळ्यात ओळखीचा होता आणि म्हणून आवडलाही. मार्गावर जाऊन-येऊन, दोन्ही टोकांच्या थांबण्यासकट, १२० मिनिटं लागतात आणि दर दहा मिनिटांनी गाडी हवी, तर बारा गाड्या लागतात. हे आम्हाला पाठ होतं. पण त्याची उलटी बाजू इतक्या ठसठशीतपणे मी कुणी मांडताना ऐकली नव्हती. बससाठी वेगळी लेन दिली, सिग्नलला थोडं प्राधान्य दिलं आणि फेरी १०० मिनिटांवर आली, तर दहा गाड्यांत तेच काम होतं. किंवा बाराच गाड्या ठेवा, मग साधारण सव्वाआठ मिनिटांनी गाडी येईल. रस्त्यावरची वीस मिनिटं वाचवणं म्हणजे दोन गाड्या, त्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि त्यांचा देखभालखर्च वाचवणं. बसमार्गिका काढून टाका असं ओरडणाऱ्यांना हा हिशेब कुणी शांतपणे दाखवत नाही.

त्याला जोडूनच ते म्हणतात, की फेरीवेळ एका दिवसाच्या पाहणीवरून किंवा सरासरीवरून ठरवू नका. सरासरीवर ठरवली तर जवळजवळ निम्म्या फेऱ्या उशिरा पोहोचणार आणि तो उशीर पुढच्या फेरीच्या गळ्यात पडणार. दहापैकी नऊ फेऱ्या ज्या वेळेत बसतील ती वेळ धरा. हे ऐकून मला आमचे ड्रायव्हर आठवले. "साहेब, ही वेळ रस्त्यावर बसत नाही," असं ते सांगत राहायचे आणि त्यांच्या टोकावरच्या विश्रांतीची मिनिटं कापली जायची. चहा-पाण्याचीही सोय न उरलेल्या ड्युट्या मी पाहिल्यात. त्या माणसांचं म्हणणं गणितानं खरं ठरतं, याचं मला फार समाधान वाटलं.

ड्युट्या कापण्यावरची व्याख्यानं मात्र जड आहेत. हजारो शक्य ड्युट्यांतून सगळ्या फेऱ्या झाकल्या जातील आणि खर्च कमीत कमी होईल अशा निवडायच्या, असा तो प्रश्न आहे. तो संगणकावर सोडवायची संशोधनं एकेकाळी विद्यापीठांत सुरू झाली. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या कामातूनच हॅस्टस हे आज जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आलं. गणित बाजूला ठेवलं तरी मांडणी कळते. अट कुठली, हे प्रत्येक देशाचं वेगळं. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, स्प्रेडओव्हर, म्हणजे ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा सगळा काळ, बारा तासांच्या आत, मध्ये खंड असलेल्या ब्रोकन ड्युटीचे दोनच तुकडे. या अटी त्यांच्या मांडणीत बसवून पाहिल्या की लगेच दिसतं, सकाळ-संध्याकाळची गर्दी आणि मधली रिकामी दुपार यांमुळे खर्च कुठे वाढतो. मी हाताने हेच करत होतो.

उणिवा आहेत, त्या सांगायला हव्यात. भाषा इंग्रजी आहे. खाली अक्षरं उमटवायची सोय असल्यानं मला निभावलं, पण आगारातल्या नियंत्रकाला पहिल्याच व्याख्यानात दमायला होईल. उदाहरणं बॉस्टन, लंडन, शिकागो, हाँगकाँगची. कंडक्टर असलेली बस जवळजवळ नाहीच. दारात लटकलेली गर्दी, पावसाळ्यात बदललेला मार्ग, गणपतीच्या दहा दिवसांचं वेगळं वेळापत्रक, शेअर रिक्षानं थांब्यावरून उचललेले प्रवासी, यांतलं काही तिथे शोधू नका. गृहपाठ दिलेत, पण तपासणारं कुणी नाही. अडलं तर भाचीसारखं माणूस हाताशी हवं.

आणखी एक खटकलं. खर्च आणि उत्पन्नाची चर्चा विस्तारानं होते, पण तोटा का सोसायचा यावर मला आणखी ऐकायचं होतं. हर्बर्ट मोरिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये दाखवलं होतं, की प्रवासी वाढले की गाड्या वाढवाव्या लागतात आणि गाड्या वाढल्या की आधीपासूनच्या प्रत्येकाचं थांबणंही कमी होतं. नव्या प्रवाशाचा फायदा जुन्यालाही मिळतो, म्हणून बसला सरकारी पैसा देणं योग्य. त्याच विचारातून वर्गमुळाचा नियम निघतो. एका मार्गावर चौपट प्रवासी असतील तर तिथे साधारण दुप्पट गाड्या हव्यात, चौपट नव्हेत. आपल्याकडे 'हा मार्ग तोट्यात' म्हणून फेऱ्या कापायच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या. त्या टेबलावर हे दोन मुद्दे असते, तर काही मार्ग वाचले असते असं मला मनापासून वाटतं.

कुणी बघायला बसणार असेल तर क्रमानं जाऊ नका. थांबण्याचा आणि विश्वासार्हतेचा भाग आधी बघा, मग फेरीवेळ आणि गाड्यांची संख्या, मग माहिती गोळा करण्याचा. ड्युट्यांचा भाग ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांनीच घ्यावा. इंजिनिअरिंगच्या मुलांनी विल्सन यांची टिपणं शेजारी ठेवावीत, व्हिडिओत घाईनं गेलेलं तिथे सावकाश सापडतं. आणि ज्याच्या हातात तिकीट मशीनची माहिती आहे, त्यानं एकच मार्ग आणि एकच महिना घ्यावा, कामाचे दिवस आणि रविवार वेगळे करावेत, कोणत्या स्टेजवरून कोणत्या स्टेजला किती माणसं गेली याचा तक्ता पंधरा-पंधरा मिनिटांच्या पट्ट्यांत काढावा आणि तो सध्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघावा. एक्सेलमध्ये होतं.