जुनी गोष्ट नव्याने लिहायचीये? शकुंतलेवर पाच वाटा तपासून बघूया

क्रिएटिव्ह रायटिंगच्या प्रोजेक्टला जुन्या गोष्टीचा विषय आला की गोष्ट पटकन ठरते, अडतं ते पुढे, म्हणजे तीच गोष्ट नवी करायची कुठून. कुणी म्हणतं दुसऱ्या पात्राकडून सांग, कुणी म्हणतं आजच्या काळात आण, कुणी म्हणतं शेवटच बदलून टाक, आणि सगळंच बरं वाटतं म्हणून काहीच ठरत नाही. म्हणून इथे एकच गोष्ट घेतलीये, शकुंतलेची, आणि सगळ्या वाटा तिच्यावरच लावून बघितल्यात. प्रत्येक वाटेला वेगळी गोष्ट घेतली असती तर शेवटी गोष्टींचीच तुलना झाली असती. शिवाय ही गोष्ट आपल्याकडे आधीच दोन-तीनदा नव्याने सांगून झालीये, त्यामुळे कुठली वाट कुठे नेते ते दिसतं.

पहिली वाट म्हणजे एकच गाठ बदलायची. महाभारतात आदिपर्वात जी शकुंतला आहे तिच्या गोष्टीत अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही, विसरणंही नाही. लग्नाआधीच ती अट घालते की माझा मुलगा युवराज होईल, आणि काही वर्षांनी मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा राजाला सगळं नीट आठवत असतं तरी तो सरळ नाही म्हणतो. ती भर सभेत त्याला खडसावते, शेवटी आकाशवाणी होते आणि मग राजा म्हणतो मला माहीत होतंच पण लोकांनी संशय घेतला असता. कालिदासाने आपल्या 'शाकुंतल' नाटकात यात शाप घातला, बस. शाप आला म्हणून विसरणं आलं, विसरणं आलं म्हणून ओळखीची अंगठी आली, ती हरवायला हवी, माशाच्या पोटातून सापडायला हवी, मग राजाचा पश्चात्ताप, मग सातव्या अंकातली भेट. खोटं बोलणारा राजा बिचारा दुःखी प्रियकर झाला आणि सभेत भांडणारी बाई बरीच मऊ झाली. (मला स्वतःला महाभारतातली जास्त आवडते.)

या वाटेचा फायदा असा की बदल छोटा असतो आणि परिणाम प्रचंड. तोटा म्हणजे तो परिणाम शेवटपर्यंत निस्तरावा लागतो, नुसतं 'असं झालं असतं तर' म्हणून सोडून देता येत नाही. उदाहरणार्थ असं धरा की अंगठी हरवलीच नाही, शकुंतलेने ती दरबारात काढून दाखवली आणि राजाने ती बघूनही नाही म्हटलं. आता शाप की खोटेपणा हा प्रश्न उरतच नाही, पण मग आश्रमातून सोबत आलेली वडीलधारी गौतमी काय करते, सोबतचे शिष्य शकुंतलेला तिथेच टाकून जातात का, या सगळ्याची उत्तरं तुम्हालाच द्यायचीत. ज्यांना प्लॉट रचायला आवडतो त्यांनी ही वाट जरूर घ्यावी. ज्यांची ताकद वर्णनात किंवा संवादात आहे त्यांची इथे दमछाक होते असं मला वाटतं.

दुसरी वाट सगळ्यात जास्त वापरली जाते, दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायची. सोपी वाटते कारण 'मी' म्हणून सुरुवात केली की वाक्यं आपोआप येतात. पण मोठी पात्रं आता फार वापरून झालीत. कर्णाची बाजू सांगायची तर 'मृत्युंजय' 1967 मध्येच आलीये आणि तिच्यात एकटा कर्ण नाही, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण असे कितीतरी जण बोलतात, मग दोन हजार शब्दांत तुम्ही नवीन काय सांगणार? त्यापेक्षा कडेचं माणूस शोधा.

शाकुंतलात असं एक माणूस अगदी तयार आहे, सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा कोळी. शिपाई त्याला बांधून घेऊन चाललेत कारण राजाचं नाव कोरलेली अंगठी विकायला त्याने बाजारात काढली. तो सांगतोय की बाबांनो मासा कापला तेव्हा आत सापडली, आणि ते त्याच्या धंद्यावरून टोमणे मारतायत, कधी एकदा याला मारतो असं त्यांना झालंय. मग आतून निरोप येतो, सोडा त्याला, वर अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस द्या. हा लगेच त्यातलं अर्धं त्याच शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. केवढं आहे यात! पाच मिनिटांपूर्वी मारायला निघालेल्या माणसांना अर्धे पैसे का द्यावे लागतात, हे लिहायला घेतलं तर एक अख्खी गोष्ट होते. शकुंतला कोण हे त्याला माहीतच नाही, अंगठी बघून राजा कासावीस का झाला हेही माहीत नाही, आपल्या वाचकाला मात्र सगळं माहीत असतं. पात्र निवडताना तेच बघायचं, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही. ज्याला सगळंच माहीत आहे तो फक्त मूळ गोष्ट पुन्हा सांगत बसतो.

तिसरी वाट माझी सगळ्यात आवडती, मूळ गोष्टीतली रिकामी जागा भरायची. इथे एका जोडीचं उदाहरण द्यायलाच हवं. खांडेकरांची 'ययाति' 1959 ची आणि गिरीश कर्नाडांचं कन्नड नाटक 'ययाती' लगेच त्याच्या मागेमागे आलेलं, दोघांचं मूळ एकच, बाप मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. खांडेकरांनी दुसरी वाट धरली, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात आणि वासनेचा प्रश्न आतून उलगडतो. कर्नाडांनी विचारलं की पुरूचं लग्न झालेलं असेल तर त्याच्या बायकोचं काय, आणि चित्रलेखा उभी केली. नवरा एका रात्रीत म्हातारा झाला, ती सासऱ्याला जाब विचारते आणि शेवटी विष घेते. कादंबरीला पसरायला जागा होती म्हणून तीन आवाज पेलले, नाटकाला एक रिकामी खुर्ची पुरली. छोट्या प्रोजेक्टला नाटकाचीच वाट जवळची आहे.

शाकुंतलात अशी जागा कुठली? शकुंतलेच्या दोन सख्या, प्रियंवदा आणि अनसूया. दुर्वासाचा शाप त्या दोघी ऐकतात, शकुंतलेला तो ऐकूच जात नाही, आणि दोघी ठरवतात की तिला सांगायचं नाही, ती हळवी आहे. निघताना एवढंच सांगतात की राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव. कण्व त्यांना सोबत पाठवत नाहीत आणि त्यानंतर त्या नाटकात दिसतच नाहीत. तिकडे दरबारात काय झालं ते आश्रमात कधी कळलं असेल, शिष्य परत आले तेव्हा या दोघी एकमेकींकडे कशा बघत असतील, सांगायला हवं होतं असं आधी कोण म्हणालं असेल? मूळ गोष्टीतला एक शब्दही न बदलता हे सगळं लिहिता येतं. धोका एकच, जागा खरंच रिकामी हवी, म्हणजे आधी मूळ नीट वाचायला हवं, ऐकीव माहितीवर ही वाट चालत नाही.

चौथी, आजच्या काळात किंवा आपल्या गावात आणायची. ऐकायला सोपी, करायला सगळ्यात अवघड. पु.लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली ती चालली कारण बोलीवरून माणसाची लायकी ठरवणं लंडनमध्ये होतं तसंच आपल्याकडेही आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये शेक्सपिअरच्या लिअर राजाचा रिटायर झालेला नट झाला, राज्याच्या जागी आयुष्यभराची पुंजी आली, तीन मुलींच्या जागी एक मुलगा एक मुलगी आली, पण सगळं देऊन टाकल्यावर घरात आपली जागा काय हा प्रश्न जसाच्या तसा राहिला. म्हणजे कपडे आणि नावं बदलून भागत नाही, गोष्ट ज्याच्यावर चालते ती वस्तू नव्या जागी सापडली पाहिजे. शकुंतलेला आज आणलं की अंगठी लगेच निकामी होते, फोनमध्ये फोटो असतात, चॅट असतात, गेलाबाजार डीएनए टेस्ट असते, ओळख पटवणं हा प्रश्नच नाही. मग कालिदासाकडून परत महाभारताकडे यावं लागतं, पुरावा सगळा आहे, आठवतंयही सगळं, तरी तो नाही म्हणतो. हे मात्र आज शंभर टक्के चालतं. काळ बदलायचा असेल तर आधी तासभर फक्त एवढाच विचार करा की फोन आला की गोष्टीतलं काय मोडतं.

पाचवी वाट फॉर्म बदलायची, तिच्यावर फार बोलत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, गोष्ट कालिदासाचीच, पण पदांमुळे मराठी प्रेक्षकाला ती आपली वाटली. प्रोजेक्टमध्ये मात्र नुसतं व्हॉट्सॲप चॅट किंवा डायरी केली म्हणून गोष्ट नवी होत नाही. फॉर्म आधीच्या एखाद्या वाटेला जोडला की कामाला येतो. कोळ्याची गोष्ट चौकीतला जबाब म्हणून लिहा, प्रश्न विचारणारा शिपाई आणि उत्तरं देणारा कोळी, लगेच जीव येतो. पत्रं हवी असतील तर तीही मूळ गोष्टीतच आहेत, तिसऱ्या अंकात शकुंतला कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिते.

मग घ्यायचं काय? हजार-दीड हजार शब्द आणि आठवडाभर वेळ असेल तर रिकामी जागा, त्यात पुन्हा सख्यांसारखा एकच प्रसंग, एकच संध्याकाळ. मूळ पूर्ण वाचायला वेळच नसेल तर कडेचं पात्र घ्या आणि त्याचा तेवढा भाग दोनदा वाचा. महिनाभर हातात असेल आणि प्लॉटची आवड असेल तर गाठ बदला. काळ बदलायची वाट मी फक्त त्यांना सांगेन ज्यांना आजची ती जागा आतून माहीत आहे, कोर्ट, हॉस्टेल, गावची पंचायत, जे काही असेल ते. आणि शेवट उलटा करायचा म्हणून उलटा करू नका, त्या एका वाक्यासाठी बाकीची पानं वाया जातात.

एक कामाची गोष्ट राहिली. महाभारत, कालिदास सगळ्यांचे आहेत, हवं ते घ्या. पण चित्रलेखा कर्नाडांची आहे, खांडेकरांनी स्वतः रचलेले प्रसंग खांडेकरांचे, आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणून नव्या पुस्तकातून नाही तर मुळातून उचला. वर्गात निम्म्यांना मूळ गोष्ट नीट आठवत नसते हेही धरून चाला, पण म्हणून सुरुवातीला सारांश टाकू नका. सख्यांची गोष्ट असेल तर पहिल्याच पानावर एक सखी दुसरीला म्हणू दे, 'तिला शापाचं सांगायचं नाही असं तूच म्हणाली होतीस,' जे माहीत असायला हवं ते त्यात आलं.