इराण्याकडचा ब्रून मस्का आणि हंगामी कॉफी

धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर, जेर महालाच्या तळमजल्यावर ‘कयानी अँड कंपनी’ हे इराणी हॉटेल १९०४ सालापासून आहे आणि मरीन लाइन्सला उतरलो की माझी पावले आजही आधी तिकडेच वळतात. माझी मागणी ठरलेली असते : एक ब्रून मस्का, एक चहा आणि घरी नेण्यासाठी मावा केक.

ब्रून म्हणजे वरून कडक आणि आतून मऊ असा खरपूस पाव. तो आडवा कापून आत सढळ हाताने लोणी लावलेले असते आणि तुकडा मोडताना कवचाचा चुरा बशीत पडतो. हा पाव नुसता खाण्यापेक्षा गरम, गोड चहात बुडवून खावा. मात्र किती वेळ बुडवायचा याचा अंदाज हवा, कारण आतल्या मऊ भागात चहा मुरून लोणी नुकतेच वितळू लागले की घास तोंडात गेलाच पाहिजे, नाहीतर तुकडा कपातच गळून पडतो. लोण्याचे पिवळे थेंब चहावर शेवटपर्यंत तरंगत राहतात आणि त्या खारट-गोड घोटासाठी मी कप कधीही अर्धवट सोडत नाही. पाव, लोणी, चहा यांतल्या प्रत्येकाची चव इथे वेगळी ओळखू येते, हेच मला या पदार्थाचे मोठेपण वाटते.

गेल्या ऑक्टोबरात सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर एका कॉफीच्या दुकानात मी ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ घेतली, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. या नावाचे पेय स्टारबक्सने अमेरिकेत २००३ साली आणले. दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ हा तिकडच्या भोपळ्याच्या ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाचा मसाला त्यात असतो, त्यामुळे तिथल्या माणसाला त्या वासाने घर आठवत असेल, हे मी समजू शकतो. मला लाल भोपळा म्हटला की घारगे आठवतात आणि जायफळ म्हटले की पुरणपोळी. तरीही पेय परके आहे ही माझी तक्रार नाही. मला मिळालेल्या कपात पाक आणि मलई इतकी होती की कॉफीचा कडवटपणा जिभेला लागलाच नाही, आणि किंमत तीनशे रुपयांच्या वर. शिवाय असे पेय आवडले तरी हंगाम सरला की फळ्यावरून उतरते. मग त्याची सवय लागावी कशी?

कयानीत मला काय मिळणार हे पायरी चढण्यापूर्वीच ठाऊक असते. मावा केक कागदात बांधून घेतला, तर घरी पोचेपर्यंत कागदावर तुपकट डाग उमटलेले असतात आणि पुडी सोडण्याआधीच वेलचीच्या वासावरून घरच्यांना कळते, मी कुठे जाऊन आलो ते.