शूबर्टचे पियानो ट्रिओ जुन्या धाटणीच्या पियानोवर: आठ महिन्यांनी (आणि 600 रुपये गेल्यावर)

आधीच सांगतो, डबल सीडी चांगली आहे, राग तिच्यावर नाही. म्हणजे पहिले दोन महिने तिच्यावरच होता. शूबर्टचा दुसरा ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठीची रचना), तो ई फ्लॅटवाला, त्याचा संथ भाग लावला की मध्येच पियानो गोधडीत गुंडाळल्यासारखा व्हायचा, थोडा वेळ तसाच आणि मग परत मोकळा. स्पीकर बसला असणार म्हणून दुरुस्तीला नेला, तिथल्या माणसाने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा भाग) गेलाय म्हणून सांगितलं, नुसत्या तपासणीचे 600 घेतले, भांडलो तरी पावती नाहीच. घरी येऊन हेडफोन लावला तर त्याच सेकंदाला तीच गोधडी!

मग सीडीसोबतची पुस्तिका वाचली (आधीच वाचायला हवी होती, मान्य). पियानो व्हिएन्नाचा पियानो बनवणारा कॉनराड ग्राफ, त्याच्या पियानोच्या धर्तीचा, 1820 च्या दशकातला, आणि त्याला मॉडरेटर नावाचं एक पेडल, ते दाबलं की हातोड्या आणि तारांच्या मध्ये कापडाची पट्टी सरकते. म्हणजे खरंच कापड होतं की हो.

तेव्हापासून मत फिरलं. हातोड्यांवर चामडं, आत लोखंडी फ्रेम नाही, त्यामुळे सूर उठतो आणि पटकन विरतो. संथ भागात पियानो पावलं टाकत चालतो आणि वर चेलो गातो, आजच्या ग्रँड पियानोवर ती पावलं बुटांची वाटतात, इथे अनवाणी. आतड्याच्या तारांचा चेलो दबतही नाही, पियानोवाल्याला हात आखडून वाजवावं लागत नाही ना. शेवटच्या भागात चेलोची तीच धून परत येते तिथे मी अजून हातातलं काम थांबवतो.

तक्रार एकच. शूबर्टने 1828 मध्ये प्रकाशकाला देताना शेवटच्या भागातले शंभरेक बार (स्वरलिपीतले छोटे तालखंड) कापले आणि ते कापलेलेच ठेवा असं बजावलंही. यांनी त्याचं ऐकलंय, बरोबरच आहे, पण सीडीवर जागा होती, अख्खा भागही टाकायचा की वेगळा, 1,900 मोजलेत मी.

अपडेट: व्हायोलिनचे वरचे सूर चिरके लागतात ते आतड्याच्या तारांमुळे असं समजत होतो, परवा किशोरीताईंची सीडी लावली तर तिथेही तसंच चिरकं. हेडफोनवर दोन्ही साफ. तेव्हा 600 चा विषय माझ्याकडून बंद.