फुलाचं सुटं होणारं मॉडेल: आठ महिने वापरल्यानंतर

पाचवी-सहावीच्या मुलांसोबत हे मॉडेल आठ महिने वापरतेय. प्लास्टिकचं आहे, भाग लोहचुंबकाने एकमेकांना चिकटतात. निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं), पाच पाकळ्या, सहा पुंकेसर (फुलाचा नर भाग) आणि मधोमध स्त्रीकेसर (मादी भाग). पाच पाकळ्या नि सहा पुंकेसर असलेलं फूल मला तरी अजून कुठे दिसलेलं नाही! बनवणाऱ्यांनी एखादं खरं फूल समोर ठेवायला काय हरकत होती?

पहिल्या महिन्यात मी मॉडेलपासूनच सुरुवात केली. कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक), कुक्षीवृंत (त्याखालचा दांडा), अंडाशय (बुडाचा फुगीर भाग), परागकोश (पुंकेसराच्या टोकाची परागांची पिशवी) सगळं मुलांना घडाघडा पाठ झालं. मग हातात जास्वंद दिली आणि सगळं फिसकटलं. "बाई, मधला दांडा म्हणजे स्त्रीकेसर ना? मग पुंकेसर कुठेत?" चूक त्यांची नव्हती. मॉडेलमध्ये मधोमध स्त्रीकेसरच असतो. जास्वंदीत मात्र पुंकेसरांचे वृंत, म्हणजे दांडे, जुळून नळी होते, कुक्षीवृंत तिच्या आतून वर जातो आणि टोकाला पाच कुक्षी बाहेर डोकावतात.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी खरं फूल, तेही एकेरी पाकळ्यांचं. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसरच पाकळ्यांसारखे झालेले असतात, त्यात मुलं हरवतात. नळी नखाने उभी फाडायची. ब्लेड माझ्याच हातात, अंडाशय आडवा कापायचा आणि भिंग फिरवायचं. एकीने आतले कप्पे मोजले: पाच. मग स्वतःहून कुक्षी मोजल्या, त्याही पाच. तिची बोटं परागांनी पिवळी झाली होती आणि ती हात धुवायला तयार नव्हती.

आता मॉडेल काढलं की ते खरंच उपयोगी पडतं. त्यातला अंडाशय उघडतो, बीजांडं (ज्यांच्या पुढे बिया होतात) लांबून पण दिसतात, आणि परागनलिका (परागकणातून निघणारी बारीक नळी) कुक्षीपासून बीजांडापर्यंत कशी उतरते ते बोट फिरवून दाखवता येतं. खऱ्या फुलात ते डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

टिकाऊपणा बेताचाच. तिसऱ्या महिन्यात दोन पुंकेसरांचे चुंबक निघाले, गोंदाने चिकटवले. कुक्षीचा तुकडा हरवला, तिथे आता मातीचा गोळा आहे. विक्रेत्याला सुटे भाग मागितले तर उत्तरच नाही.

मागच्या आठवड्यात एकाने सूर्यफुलाची "पाकळी" उपटून विचारलं, ही कुठे लावू? ती पाकळी म्हणजे एक अख्खं फूल, आणि मधली तबकडी म्हणजे शेकडो बारकी फुलं. तास त्यातच संपला, मॉडेल कपाटातच राहिलं.