पॅरासिटामॉल अधिक कॅफीन: दिवसा उत्तम, रात्री नको

डोकेदुखीवरच्या या जोडगोळीला दिवसा पूर्ण गुण, रात्री शून्य.

एका गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि ६५ मिलिग्रॅम कॅफीन. डोस दोन गोळ्यांचा घेतला की १३० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं, म्हणजे कपभर कडक कॉफीच. रात्री दहाला कॉफी प्यायला बसलं तर घरातलं कोणीही टोकेल. गोळी गिळताना कुणी टोकत नाही. दुखणं तासाभरात उतरतं आणि डोळे मात्र टक्क उघडे राहतात.

कॅफीन उगाच घातलेलं नाही. त्याने वेदनाशामक परिणाम थोडा वाढतो. थोडाच. पण शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहाच्या १३० पैकी पहाटे तीनला ६५ शिल्लक. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळपास दुप्पट होतो. म्हणून शेवटचा डोस दुपारी तीनच्या आत घ्यावा.

खरी तक्रार पट्टीबद्दल आहे. गोळ्या कापून कापून वापरल्या की उरलेल्या दोन गोळ्यांमागे नावाचा अर्धा तुकडाच राहतो, कॅफीनचा आकडा कापला जातो. अंधारात ती साधी पॅरासिटामॉल समजून घेतली जाते. पट्टी नेहमी नाव नसलेल्या टोकाकडून वापरावी.

रात्रीसाठी साधी पॅरासिटामॉलच बरी. साध्या आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनमध्ये कॅफीन नसतं, तरी त्यांनी झोप तुटू शकते: झोपेला मदत करणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं या गोळ्या कमी करतात, शिवाय पोटात जळजळ झाली की आडवं पडल्यावर ती जास्त जाणवते. मात्र सुजलेला सांधाच झोपू देत नसेल, तर आयब्युप्रोफेनने झोप सुधारतेही. ते जेवणानंतर घ्यावं.

दिवसा जोडगोळी आणि रात्री साधी घेताना हिशोब एकत्रच धरायचा. दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या. सर्दीच्या गोळीतलंही यातच मोजा. यकृताचा त्रास असेल, रोज दारू घेतली जात असेल किंवा वजन कमी असेल तर ही मर्यादा खाली येते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ही गोळी लागत असेल तर डोकेदुखी गोळीमुळेच टिकून असण्याची शक्यता असते. तेव्हा नवी पट्टी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.